घरपट्टी तिप्पट झाली. नगरपरिषदेचा पैसा येतो कुठून आणि आपला कर आवाक्यात राहायचा कसा?

खडूफळा

मंडळी, नवीन आकारणीची नोटीस परवा हातात पडली. गेल्या वर्षापर्यंत घरपट्टी २,१४० रुपये होती, आता ६,४१३. पाणीपट्टी वेगळी.

आमचं गाव तालुक्याचं, नगरपरिषद 'ब' वर्ग. घर १९८४ सालचं, विटांच्या भिंतींवर उभं. खाली तीन खोल्या, वर एक, मागे जुना गोठा. आता गोठ्यात जनावर नाही. सरपण, यजमानांची बंद पडलेली स्कूटर आणि कडबा कापायचं जुनं यंत्र तेवढं आहे. मी शाळेतून निवृत्त झाले, पेन्शनवर घर चालतं. वर्षाला चार हजार जास्त गेले तर उपाशी राहणार नाही, पण आमच्या गल्लीत विडी वळणाऱ्या दोघी आहेत, त्यांचीही रक्कम अशीच वाढली आहे. त्या माझ्याकडे कागद घेऊन आल्या म्हणून मी नोटीस नीट वाचायला बसले. नाहीतर कदाचित भरून मोकळी झाले असते.

मागच्या वर्षी एका सकाळी दोन मुलं मोबाइल आणि लाल ठिपक्याचं मोजमापाचं यंत्र घेऊन आली होती. दहा मिनिटांत घर मोजलं, चौकटीवर नंबरचा स्टिकर लावला आणि गेली. तो लाल ठिपका गोठ्याच्या भिंतीवर गेलेला मी पाहिला होता, पण तेव्हा काही वाटलं नाही. काल कर विभागात जाऊन मोजमापाचा कागद मागितला. त्यावर लिहिलंय: ११८ चौरस मीटर, आरसीसी, निवासी. आमचं राहतं घर ८२ चौरस मीटर आहे. गोठ्याचे २२ आणि गच्चीवर पावसासाठी टाकलेल्या पत्र्याचे १४ धरून ११८ होतात. आणि घरात आरसीसीचा एक खांब नाही.

हरकत तर मी घेणारच आहे. पण मला त्याच्या पुढचं विचारायचं आहे. नगरपरिषदेला पैसा येतो कुठून? रस्त्यावरचे दिवे, नळाचं पाणी, घंटागाडी हे सगळं माझ्या घरपट्टीवर चालतं का? आणि पंधरा-सोळा वर्षं एक रुपया न वाढवता एकदम तिप्पट करायची वेळ का यावी? इथे कर विभागात काम केलेलं कोणी असेल तर समजावून सांगा.

---

मागणीरजिस्टर

बाई, मी बत्तीस वर्षं नगरपरिषदेत काढली. लिपिक म्हणून लागलो, करनिरीक्षक म्हणून बाहेर पडलो. आधी तुमच्या बिलाचं बघू.

'ब' वर्ग म्हणजे ४० हजार ते एक लाख लोकवस्तीचं गाव. तिथे घरपट्टी भाडेमूल्यावर बसते. तुमचं घर भाड्याने दिलं तर चौरस मीटरला महिना किती येईल, याचा दर झोन आणि बांधकामाच्या प्रकारानुसार ठरवतात. तो दर गुणिले क्षेत्रफळ गुणिले १२. त्यातून दुरुस्तीचे १० टक्के वजा. जे उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर कराची टक्केवारी.

नोटिशीवर तुमचा दर किती टाकलाय ते बघा. ११८ मीटरला ६,४१३ येत असतील तर माझ्या अंदाजाने १७ रुपये असावा. ११८ गुणिले १७ म्हणजे २,००६ महिना, वर्षाला २४,०७२, दहा टक्के गेले की २१,६६५. सगळे कर मिळून साधारण २९.६ टक्के लागले की ६,४१३.

आता लोडबेअरिंगचा, म्हणजे विटांच्या भिंतींवर उभ्या घराचा, दर १४ असेल (आरसीसीच्या खालचाच असतो) आणि क्षेत्र ८२ धरलं, तर १,१४८ महिना, १३,७७६ वर्षाला, करयोग्य मूल्य १२,३९८ आणि कर ३,६७०. तुमची खरी लढाई ६,४१३ आणि ३,६७० यांच्यामधली आहे. २,१४० वर परत जायची आशा धरू नका, आणि तसा अर्जही करू नका. 'कर जास्त वाटतो' असं लिहिलेली हरकत सुनावणीत उभी राहत नाही. 'क्षेत्रफळ चुकलंय, बांधकामाचा प्रकार चुकलाय, गोठा वापरात नाही' असं मुद्द्याने लिहा. सोबत जुना आकारणी उतारा, बांधकाम परवान्याची प्रत आणि चार फोटो जोडा. फोटोत भिंतीची जाडी दिसली पाहिजे, दाराच्या चौकटीत उभं राहून काढा. नोटिशीतल्या मुदतीच्या आत द्या आणि पोचवर आवक क्रमांक घ्या.

आता पैशाचं.

पूर्वी नगरपरिषदेचा मोठा आधार जकात होता. गावाच्या वेशीवर नाकं, ट्रक थांबला की पावती, संध्याकाळी रोख तिजोरीत. त्यात त्रास होता, खाबूगिरीही होती, पण तो पैसा गावाचा स्वतःचा होता. १९९९ साली राज्यातल्या नगरपरिषदांची जकात गेली आणि बदल्यात शासन सहायक अनुदान देऊ लागलं. ते जवळपास सगळं पगारात जातं. महिनाअखेर अनुदान जमा झालं का, हेच आम्ही लेखा विभागात आधी विचारायचो.

दुसरा पैसा वित्त आयोगाचा, म्हणजे केंद्राकडून येणारा. पंधराव्या वित्त आयोगाने छोट्या शहरांना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग बांधलेला होता: निम्मा पाण्यासाठी, निम्मा स्वच्छता आणि घनकचऱ्यासाठी. तिसरा पैसा योजनांचा: नगरोत्थान, दलित वस्ती सुधार, अमृत. यातून टाकी बांधता येते, पाइपलाइन टाकता येते. पण टाकीत पाणी चढवायचं वीजबिल, तुरटी, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, व्हॉल्व्हमनचा रोजगार, घंटागाडीचं डिझेल, जळालेला दिवा बदलणं यांना योजना पैसे देत नाही. बऱ्याच योजनांत नगरपरिषदेला स्वतःचा हिस्साही घालावा लागतो.

या सगळ्यासाठीचा पैसा येतो घरपट्टी, पाणीपट्टी, गाळाभाडं, बाजारशुल्क यांतून. मालमत्तेच्या खरेदी-विक्रीवर मुद्रांक शुल्काच्या वर एक टक्का अधिभार गावासाठी घेतात, तो शासनाकडून येईल तेव्हा येतो. म्हणजे गावाच्या हातातली एकच खरी कळ उरली आहे, घरपट्टी.

एक गोष्ट लोकांना माहीत नसते. बिलावरचा शिक्षण कर आणि दुकानांवरचा रोजगार हमी कर नगरपरिषदेचा नाही. तो वसूल करून शासनाला भरायचा असतो.

---

उपनगरी

आम्हा मुंबईकरांना ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ आहे. हे सगळीकडे का करत नाहीत? विडी कामगार बाईचं घर ५०० फुटांपेक्षा मोठं असणार नाही. सरसकट माफ करून टाकावं.

---

मागणीरजिस्टर

उपनगरी, तुमच्या म्हणण्यातली तळमळ पटते, पण मुंबईचं गणित मुंबईपुरतंच आहे. मुंबईची जकात २०१७ पर्यंत चालू होती. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्या वेळी राज्याने कायदा करून भरपाई दिली, आणि त्या भरपाईत दरवर्षी चक्रवाढीने आठ टक्के वाढ धरली. मुंबईला त्यातून वर्षाला दहा हजार कोटींच्या वर मिळतात. तिथे मालमत्ता कराचं उत्पन्नही हजारो कोटींत आहे. एक हात मोकळा सोडला तरी दुसऱ्या हातात पैसा आहे.

आमच्यासारख्या गावात ५०० फुटांच्या आतली घरंच निम्म्याहून जास्त. ती माफ केली तर उरलेल्यांचा कर दुप्पट करा, नाहीतर पाण्याची मोटर बंद ठेवा. मुंबईतसुद्धा २०१९ च्या पहिल्या निर्णयात फक्त सर्वसाधारण कर माफ झाला होता, बाकीचे कर बिलावर राहिले होते. पूर्ण माफी व्हायला २०२२ उजाडलं.

---

पेठेतला

पुण्याचा अनुभव सांगतो, कारण सवलत गेली की काय होतं ते आम्ही पाहिलंय. पुण्यात १९७० पासून राहत्या घराला करपात्र मूल्यात ४० टक्के सवलत होती. घरमालक स्वतः राहतो, भाडं कमावत नाही, हा त्यामागचा विचार. २०१८ मध्ये शासनाने ती रद्द केली आणि नवीन नोंदल्या गेलेल्या घरांना पूर्ण बिल येऊ लागलं. आंदोलनं झाली, २०२३ मध्ये सवलत परत मिळाली. त्यासाठी पीटी-३ नावाचा अर्ज भरून स्वतः राहतो याचा पुरावा द्यायचा होता.

ही कल्पना मला अजूनही बरोबर वाटते. राहत्या घराला कमी, भाड्याच्या घराला जास्त. नगरपरिषदेतही ती लागू व्हायला हवी. वेळेवर भरणाऱ्याला पुण्यात सर्वसाधारण करात ५ ते १० टक्के सूट मिळते. ३१ मेच्या आत भरायची आमच्याकडे आजोबांपासून सवय आहे.

---

शेवंती

मी एक टर्म नगरसेविका होते, 'क' वर्ग नगरपरिषदेत. बाईंच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची जबाबदारी माझ्यासारख्यांचीच आहे, म्हणून लिहिते.

कायद्याने दर चार वर्षांनी फेरआकारणी व्हायला हवी. आमच्या टर्ममध्ये तो विषय दोनदा सभेपुढे आला. पहिल्यांदा 'पुढील सभेत घ्यावा' असं ठरलं, दुसऱ्यांदा गणपूर्तीच झाली नाही. मीही गेले नव्हते. प्रभागातल्या बायका विचारतील, 'ताई, तुम्ही हात वर केला ना?' ही भीती होती. आता ते मनाला लागतं, कारण आम्ही टाळलेली वाढ माफ झाली नाही, साठत गेली. मग आमची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, प्रशासक आले. त्यांना मतं मागायची नसतात. त्यांनी एजन्सी नेमली, सर्वेक्षण केलं, नोटिसा काढल्या. डिसेंबर २०२५ मध्ये निवडणूक होऊन नवे लोक बसले, तोवर लोकांच्या हातात तिप्पट आकडा पडला होता.

प्रशासक चुकले असं मी म्हणत नाही, काम करायलाच हवं होतं. पण मोजमाप चुकलं तर घरोघर जाऊन 'काकू, चला, मी येते तुमच्याबरोबर सुनावणीला' म्हणणारं माणूस तेव्हा नव्हतं. तो आधार आता आहे. बाई, तुमच्या नगरसेवकाला घेऊन जा.

---

खडूफळा

मागणीरजिस्टर काका, दर खरंच १७ आहे. तुम्ही न बघता सांगितलंत.

शेवंतीताईंचं वाचून मी रात्री वहीत आकडेमोड केली. आमच्याकडे शेवटची आकारणी २००९-१० ची. तेव्हाचे २,१४०. दर चार वर्षांनी साडेचौदा टक्क्यांच्या आसपास वाढ झाली असती तर २,४५०, मग २,८०३, मग ३,२०७, आणि आता ३,६७०. म्हणजे काकांनी सांगितलेला बरोबर आकडा! वर्षाच्या हिशेबाने साडेतीन टक्केही नाही. माझी पेन्शन त्याहून जास्त वाढली. मी ती वाढ चुपचाप भरली असती, कोणाला कळलीही नसती.

मग मला प्रश्न पडला की सोळा वर्षं जो कर घेतला नाही त्याचं गावाने काय केलं. उत्तर आमच्या नळातच आहे. पूर्वी रोज पाणी यायचं, आता तिसऱ्या दिवशी येतं. घरपट्टी वाचली आणि त्याच पैशांत मी गच्चीवर दोन टाक्या आणि एक मोटर बसवली. विडीवाल्या दोघींकडे टाकी नाही, त्या पाण्याच्या दिवशी कामाला बसत नाहीत. एका दिवसाचा रोज बुडतो. स्वस्त घरपट्टीची किंमत खरं तर त्यांनीच भरली.

---

गाळाधारक

मी बाजारपेठेत दुकान चालवतो. घराला जो दर त्याच्या कितीतरी जास्त आम्हाला. दुकानाला भरपूर आणि घराला थोडं, ही पद्धत सगळीकडेच. कारण घरांची मतं जास्त. ऑनलाइनमुळे धंदा निम्म्यावर आलाय, हेही कोणी बघावं.

---

मागणीरजिस्टर

तुमची अडचण खरी आहे. व्यापारी दर किती जास्त असावा याला मर्यादा हवी, कारण दुकान बंद पडलं की तो करही गेला. पण बाजारपेठेचाच विषय निघालाय तर नगरपरिषदेच्या मालकीच्या गाळ्यांबद्दल बोलायलाच हवं. मी नोकरीत असताना पाहिलेली गोष्ट. मूळ करार जुना, भाडं महिना पाचशे. ज्याच्या नावावर गाळा आहे तो स्वतः तिथे बसत नाही, पोटभाडेकरूकडून आठ हजार घेतो. मधले साडेसात हजार गावाचे होते. असे वीस गाळे असले तर दीड लाख महिना, अठरा लाख वर्षाला. बाईंच्या ३,६७० च्या हिशेबाने ही पाचशेच्या आसपास घरांची पूर्ण वर्षाची घरपट्टी झाली. कराराची मुदत संपल्यावर लिलाव करायचं धाडस झालं तर तेवढ्या घरांवरची वाढ टळते. तुमच्यासारखे स्वतः गल्ल्यावर बसणारे यात दोषी नाहीत, हे मी जाणून आहे.

आणखी काही कर आहेत जे घ्यायचे राहतात. मोबाइल टॉवरवर मालमत्ता कर लावता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१६ मध्ये स्पष्ट केलंय. केंद्र सरकारच्या इमारतींना घटनेच्या कलम २८५ मुळे कर नाही, पण पाणी, रस्ता, दिवे वापरतात म्हणून सेवाशुल्क घेता येतं. सुविधा किती देतो त्यानुसार कराच्या ७५, ५० किंवा साडेतेहतीस टक्के, असं २००९ पासून ठरलेलं आहे. त्यासाठी करार करावा लागतो, पत्रव्यवहार करावा लागतो. तो कोणीतरी टेबलावर बसून चिकाटीने केला तरच पैसा येतो.

---

वेशीबाहेर

आमचं गाव काही वर्षांपूर्वी महापालिकेत गेलं. ग्रामपंचायतीत असताना नाममात्र कर होता. महापालिकेत आल्यावर पहिल्या वर्षी जुनाच, मग दरवर्षी वीस-वीस टक्क्यांच्या पायरीने पूर्ण दरापर्यंत, अशी कायद्यातच सोय आहे. पायरी चांगली होती, माणूस तयारी करू शकतो. पण पायरीबरोबर पाणी यायला हवं होतं. कराची पाचवी पायरी आली तरी आमच्या सोसायटीला टँकर चालूच. महिन्याला टँकरचे जे जातात त्यापुढे मालमत्ता कर काहीच नाही. तरी लोक चिडतात ते मालमत्ता करावर, कारण टँकरवाला पैसे घेतो आणि पाणी ओततो, इथे पैसे जातात आणि नळ कोरडा.

पुण्याजवळ फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं २०१७ मध्ये महापालिकेत गेली आणि पुढे बाहेर पडली. २०२४ मध्ये तिथे स्वतंत्र नगरपरिषद झाली. कराच्या बोजाची तक्रार त्यामागे मोठं कारण होतं. कर किती हा प्रश्न नुसता आकड्याचा नसतो, बदल्यात दारात काय आलं याचाही असतो, असं मला वाटतं.

---

ओसरी

शास्तीबद्दल, म्हणजे थकलेल्या करावरच्या दंडाबद्दल कोणी बोलत नाही. महिन्याला दोन टक्के, वर्षाला चोवीस. माझ्या मावशीचं घर बंद होतं, मावसभाऊ परगावी, सहा वर्षं बिल कोणी पाहिलंच नाही. मूळ रकमेच्या जवळपास जाणारी शास्ती लागली. सावकारी वेगळी काय असते?

---

मागणीरजिस्टर

दोन टक्के जड आहेत, गरिबाला तर फारच. मला विचाराल तर वर्षाला बारा टक्के पुरेत, बँकेच्या व्याजापेक्षा थोडं जास्त.

पण अभय योजनेची दुसरी बाजूही सांगतो. शास्ती माफ होणार अशी कुणकुण लागली की जे भरणार होते तेही थांबतात. एक बंगलेवाला मला स्पष्ट म्हणाला होता, 'साहेब, योजना आली की कळवा.' आणि त्याच दिवशी भाजी विकणारी एक आजी दहाच्या नोटांची गड्डी बांधून ३१ मार्चच्या आत भरायला आली होती. तिला काय मिळालं? मोठ्या थकबाकीदारांची नावं नगरपरिषदेच्या दारात लावावीत. विधवा, निराधार, घर बंद पडलेले यांच्यासाठी हप्ते द्यावेत. सरसकट माफी नको.

साधा हिशेब आहे. समजा मागणी, म्हणजे काढलेल्या बिलांची बेरीज, एक कोटीची आणि वसुली सत्तर लाखांची. खर्च भागवायला एक कोटीच लागतात. मग पुढच्या वेळी दर वाढतो, आणि तो कोण भरतो? जो आधीपासून भरत होता तोच. तीस लाख वसूल झाले असते तर दर वाढवायची गरजच नव्हती.

नोंद न झालेली घरं वेगळीच. सर्वेक्षणाला शिव्या बसतात, पण त्यात कधीच कर न लागलेली घरं, वाढवलेले मजले, घर दाखवून चालवलेली लॉज सापडतात. बाईंच्या गोठ्याची चूक दुरुस्त व्हायला हवी, पण सर्वेक्षण व्हायलाच नको होतं असं म्हणू नका.

---

पेठेतला

वसुलीवरून आठवलं. पिंपरी-चिंचवडमध्ये बिलं घरोघर पोचवायचं काम महिला बचत गटांना दिलं होतं. बायका दारात जाऊन बिल हातात देतात, मोबाइल नंबर अपडेट करतात. ओसरी यांच्या मावशीचं बिल असं कोणीतरी पाहिलं असतं.

---

लेस्टरकर

इंग्लंडमधून लिहितोय. इथे घरपट्टीला कौन्सिल टॅक्स म्हणतात. घरांचे 'ए' ते 'एच' गट, आणि गट ठरतात ते १ एप्रिल १९९१ च्या किमतींवर! इंग्लंडमध्ये त्यानंतर फेरमूल्यांकनच झालेलं नाही. कोणत्याही सरकारला हात घालायची हिंमत होत नाही. शेवंतीताईंची सभा आठवली.

फरक असा की दर मात्र दरवर्षी थोडा वाढतो, आणि मोठ्या कौन्सिलना साधारण पाच टक्क्यांच्या वर जायचं तर जनमत घ्यावं लागतं. एकटा राहणाऱ्याला २५ टक्के सूट असते, आमच्या शेजारच्या आजींना ती मिळते. बिलासोबत पैसा कुठे गेला याचा तपशील येतो: वृद्धांची काळजी, पोलीस, अग्निशमन. वाचून माणूस निदान भांडायचं कुठे ते ठरवू शकतो. पण हेही खरं की बर्मिंगहॅमच्या कौन्सिलने सप्टेंबर २०२३ मध्ये पैसे संपल्याचं जाहीर केलं, आणि पुढच्या वर्षी खास परवानगीने लोकांवर जवळजवळ दहा टक्के वाढ आली, ग्रंथालयांवर कात्री आली ती वेगळीच.

---

शेवंती

बिलासोबत तपशील, हे आपल्याकडे सहज होईल. बिलाच्या मागे कोरी जागा असते. तिथे छापा: गेल्या वर्षी एकूण घरपट्टी एवढी जमा झाली, पाण्याच्या वीजबिलाला एवढे गेले, कचऱ्याला एवढे, थकबाकी एवढी. छपाईचा खर्च तोच. मी सभागृहात असताना हे सुचलं नाही याची खंत आहे. इथे जे नवे निवडून आलेत त्यांनी हा ठराव मांडावा, मी मसुदा लिहून देते.

---

खडूफळा

काल सुनावणी झाली.

नगरपरिषदेच्या जुन्या सभागृहात लाकडी बाकं, शंभरेक माणसं. प्रत्येकाच्या हातात तीच पिवळट नोटीस. नगररचनाचे अधिकारी टेबलापलीकडे, शेजारी लिपिक रजिस्टर उघडून. माझा नंबर त्रेपन्नावा. आधी बोलणारे बहुतेक जण 'साहेब, कमी करा' एवढंच म्हणत होते, आणि अधिकारी दमलेल्या आवाजात 'लेखी द्या' म्हणत होते. माझी पाळी आली तेव्हा मी काकांनी सांगितल्याप्रमाणे तीन मुद्दे वाचले आणि फोटो ठेवले. चौकटीतल्या भिंतीचा फोटो त्यांनी हातात घेऊन पाहिला. 'ही तर दीड विटेची भिंत आहे,' असं लिपिकाला म्हणाले आणि आरसीसीवर लाल पेनाने काट मारली. गोठ्याबद्दल स्थळपाहणी लावली. आज सकाळी माणूस येऊन टेप लावून मोजून गेला, या वेळी खरा टेप. कडब्याच्या यंत्रावर चढून त्याने छताचे तुटलेले पत्रे पाहिले. गच्चीवरचा पत्रा तिन्ही बाजूंनी उघडा आहे, तोही वगळतो म्हणाला.

विडीवाल्या दोघींपैकी एकीची मोजणी बरोबर होती, तिचं फार कमी झालं नाही. दुसरीच्या घराला चुकून दुकानाचा दर लागला होता, कारण विड्यांची सुपं ओसरीत मांडलेली असताना सर्वेक्षणवाली मुलं आली होती. ते दुरुस्त झालं. तिने बाहेर आल्यावर पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, 'बाई, मला वाटलं होतं घर जाणार.' तीनशे फुटांच्या घरासाठी एक बाई दोन महिने या भीतीत झोपली होती. नोटिशीवर एवढं जरी मराठीत साधं लिहिलं असतं की मोजणी चुकली असेल तर या, दुरुस्त करू, तर तिची झोप वाचली असती.

बाहेर पडताना थकबाकीदारांची यादी आणि मागच्या वर्षीचा अर्थसंकल्प मागितला. अर्थसंकल्प मिळाला, यादीसाठी माहिती अधिकारात अर्ज करा म्हणाले. उद्या करते. नव्या अर्थसंकल्पाची सभा पुढच्या महिन्यात आहे. काका, एवढ्या जाड पुस्तकात मी नेमकं काय बघू?

---

मागणीरजिस्टर

बाई, शाब्बास.

जमेच्या बाजूला 'मालमत्ता कर' शोधा. तिथे तीन आकडे असतात: मागच्या वर्षी प्रत्यक्ष जमा, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, पुढच्या वर्षाचा अंदाज. पुढच्या वर्षाचा अंदाज प्रत्यक्ष जमेच्या दुप्पट असेल तर समजा की खर्च जुळवायला आकडा फुगवलाय, आणि तो खर्च होणार नाही. मग खर्चाच्या बाजूला पाणीपुरवठ्याचं वीजबिल बघा आणि ते पाणीपट्टीच्या जमेशी ताडा. जमा कमी असेल तर मधला फरक तुमच्या घरपट्टीतून जातोय. शेवटी गाळाभाडं. दहा वर्षांपूर्वीचा आकडा आणि आजचा जवळजवळ सारखाच दिसला, तर गाळ्यांच्या कराराच्या तारखा लेखी मागा.

माहिती अधिकाराच्या अर्जात 'थकबाकीदारांची यादी' असं मोघम लिहू नका. 'दिनांक ३१ मार्च अखेर पन्नास हजारांवरील थकबाकी असलेल्या मालमत्तांचा क्रमांक, भोगवटादाराचं नाव, रक्कम आणि किती वर्षांपासून' असं लिहा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा. यादी आली की इथे नावं टाकू नका, फक्त किती मालमत्ता आणि एकूण किती रक्कम तेवढं टाका. पुढचं गणित मी मांडतो.

---

गाळाधारक

सभेला मीही येतो. बाजारपेठेतले अजून चारजण आणतो. गाळ्यांच्या कराराचा प्रश्न मी विचारतो, बाईंनी विचारला तर लोक म्हणतील दुकानदारांवर राग आहे.

---

खडूफळा

या नक्की. सभा सकाळी अकराला आहे. मी दहालाच जाऊन पुढच्या बाकावर जागा धरते.